नजीरभाई, तुमचं दुसरं खातं

नजीरभाई, पाच महिने मी तुम्हाला चोर समजत होते. तुम्हाला हे माहीत होतं, कारण मी ते तोंडावर बोलले होते. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. त्या "बरं"चा अर्थ काय, हे विचारायचं मी पुढं ढकलत राहिले, आणि पंधरा दिवसांपूर्वी शमीमभाभींचा फोन आला की तुम्ही गेलात.

तुमच्या घरी भेटायला आलेल्या बायका मला विचारत होत्या, "तुम्ही नजीरभाईंच्या कोण?" कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, असं मी सांगितलं. त्यांनी माना हलवल्या, पण ते काही उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला स्वतःलाच सापडत नव्हतं. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय.

चार वर्षांपूर्वी मी कॉलेजात मोफत सॉफ्टवेअरवर एक दिवसाचं शिबिर घेतलं होतं. शेवटच्या बाकावर तेलाचे डाग पडलेला शर्ट घातलेला पन्नाशीचा माणूस बसला होता. प्रश्नांची वेळ आली तसे तुम्ही उठलात. "मॅडम, हे फुकट देत्यात ते ठीक हाय. पण का देत्यात?" पोरं हसली. मी सहकाराबद्दल बोलले, ज्ञान वाटल्यानं वाढतं वगैरे बोलले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि खाली बसताना शेजारच्याला म्हणालात, "हे उत्तर न्हाय झालं. भाषण झालं की."

मला राग आला होता. तरी चहाच्या वेळी तुम्ही मोबाईल पुढं केलात तेव्हा मी बघत राहिले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुम्ही जेकार्ड बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करत होता. मागाच्या डोक्यावर बसून टॉवेलवर, चादरीवर नक्षी उठवणारं ते यंत्र. त्याला नक्षी एकेक ठिपका करून सांगावी लागते, आणि ती सांगणारा विकतचा प्रोग्रॅम चार मागांच्या माणसाला झेपत नाही. म्हणून आठवी शिकलेल्या तुम्ही व्हिडिओ बघून बघून स्वतःचाच लिहायला घेतला होता. नाव ठेवलं होतं "चौकट". दर तीन मिनिटांनी तो बंद पडायचा. पण तोवरची तीन मिनिटं तो अगदी बरोबर चालायचा.

मी त्यात आले. माझा जुना विद्यार्थी विनायक, जो आता बार्शीत शिकवतो, तो आला. हळूहळू दहाबारा जण झालो, सगळे आपापली नोकरी सांभाळून, हौसेनं. नरसय्याअण्णांना तुम्ही आणलंत. चार मागांचे मालक, घरात तेलुगू, तुमच्याशी वीस वर्षांची दोस्ती. प्रोग्रॅम कुठं चुकतो हे ते कापडावर बोट ठेवून दाखवायचे.

बोलणं सगळं मोबाईलवरच्या एका ग्रुपात चालायचं. तिथं सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसत. टेंभुर्णीची माझी एक विद्यार्थिनी "चौकट" कसं वापरायचं ते मराठीत लिहून द्यायची. कुणाच्या तरी ओळखीनं ग्रुपात शिरलेला एक माणूस तिला सारखा फोन करायला लागला. तिनं ग्रुप सोडला आणि कामही सोडलं. मी म्हटलं, त्या माणसाला काढून टाकू. तुम्ही म्हणालात, "एकाला काढून काय व्हतंय मॅडम? दारच उघडं हाय. जागाच बदलू."

मग जागेचा शोध सुरू झाला. कंपनीचं काही नको, यावर आपलं एकमत होतं. जगभर हौशी लोकांनी मिळून चालवलेले चॅटचे सर्व्हर असतात. तिथं आपली खोली उघडायची, कुणाला आत घ्यायचं ते आपण ठरवायचं, आणि नंबर कुणालाच दिसत नाही. विनायकनं एक शोधून आणला. दिसायला देखणा, चालायला झपाट्याचा. मला तो बघताक्षणी आवडला. तुम्ही विचारलंत, "चालवतंय कोण?"

एकच माणूस होता. नाव नव्हतं, टोपणनाव होतं.

"कुटं राहतो?"

"माहीत नाही."

"का चालवतो?"

पुन्हा तोच प्रश्न. मी चिडून म्हटलं, "नजीरभाई, तुम्ही 'चौकट' का चालवता?" तुम्ही म्हणालात, "मला तुमी हितं येऊन बघू शकता. त्याला कुटं जाऊन बघायचं?"

तुम्ही दुसरा एक सर्व्हर शोधलात. दक्षिणेकडच्या चार जणांनी चालवलेला. दिसायला ओबडधोबड, निरोप पोचायला कधीकधी अर्धा मिनिट. दोन्हीकडच्या लोकांना विचारायचे प्रश्न तुम्ही वहीच्या पानावर मराठीत लिहून आणलेत आणि इंग्रजी करायला मला दिलेत. निरोप कुठं साठवता? ते कोण वाचू शकतं? कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडं, आणि मागं ती ऐकून काय केलंत? बंद करायची वेळ आली तर किती दिवस आधी सांगाल? माझं इंग्रजी तुम्ही एकेक शब्द मोजत तपासलंत.

"मी लिवलं होतं, तुमी मेल्यावर काय. ते हितं न्हाय."

"असं विचारत नाहीत कुणाला."

"मग कसं विचारत्यात?"

शेवटी तुम्ही जसंच्या तसं लिहायला लावलंत. पत्र पाठवताना मला लाज वाटली होती.

पहिल्याकडून आठवड्यानं उत्तर आलं: काळजी नको, सगळं छान चाललंय. खाली एक हसरा चेहरा. दुसऱ्याकडून तिसऱ्याच दिवशी लांबलचक पत्र आलं. लिहिणारी एक बाई होती. चौघांची खरी नावं, कोण काय सांभाळतं, किल्ल्या कुणाकडं, दोघं एकदम गेले तर तिसऱ्यानं काय करायचं, सगळं. मागच्या वर्षी त्यांच्याच चुकीनं सर्व्हर दोन दिवस बंद होता, ती चूक काय होती, तेही. शेवटी तिनं उलट विचारलं होतं: तुमच्या खोलीचा ताबा एकाच माणसाकडं आहे का? असेल तर आमचा सर्व्हर कितीही भरवशाचा असून उपयोग नाही.

"चूक लिवून ठेवणारा मिस्त्री बरा," तुम्ही म्हणालात. एवढ्यावरही तुमचं समाधान झालं नाही. महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोन्हीकडं एकेक निरोप टाकलात आणि पोचला की नाही ते लिहून ठेवलंत. तिथल्या दुसऱ्या खोल्यांमधल्या अनोळखी लोकांना विचारलंत, इथं राहून किती वर्षं झाली, कधी पस्तावलात का. मला ते सगळं हास्यास्पद वाटायचं. मी सर्वांसमोर म्हटलं, "संशय हा तुमचा रोग आहे, नजीरभाई." मतं घेतली तेव्हा नरसय्याअण्णांसकट सगळे विणकर तुमच्या बाजूनं गेले आणि मी हरले. ताब्यासाठी दुसरा माणूस म्हणून तुम्ही माझं नाव घेतलंत. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तुमचा सर्व्हर, तुम्हीच सांभाळा."

देखणा सर्व्हर अजूनही उत्तम चालतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. परवा जाऊन बघितलं. त्या वादात तुमचं सगळंच बरोबर होतं असं मी अजून मानत नाही.

नव्या खोलीत वर्षभर काम चांगलं चाललं. टेंभुर्णीची मुलगी परत आली. मग नरसय्याअण्णांनी डाळिंबाच्या कळ्यांची किनार दिली. त्यांनी स्वतः काढलेली, अजून बाजारात न आलेली. आरशासारखी डावी-उजवी उलटवताना "चौकट" चुकत होतं, ते तपासायला. तुमच्या शब्दावर दिली होती: खोलीबाहेर जाणार नाही. सोलापुरात नक्षी पळवणं नवीन नाही. आज एकाच्या मागावर असते ती महिन्याभरात दुसऱ्याच्या दुकानात टांगलेली दिसते.

दोन महिन्यांनी अण्णांनी खोलीत एक फोटो टाकला. दुसऱ्याच कुणाचा टॉवेल, आणि त्यांचीच किनार. फरक एवढाच की कळ्या खाली तोंड करून होत्या. "ओळखू येऊ नये म्हणून उलटी केली," अण्णांनी लिहिलं आणि ते खोलीतून निघून गेले.

संशय घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकले होते, आणि शिकलेलं पहिल्यांदा तुमच्यावरच वापरलं. तुम्ही टॉवेलच्या मोठ्या कारखान्यात काम करत होता. बुधवारी आणि शनिवारी दुपारभर तुम्ही कुठं असायचात ते कुणालाच माहीत नव्हतं. कारखान्यात बहिणीकडं म्हणून सांगायचात, विनायकला बँकेत म्हणून. आणि खोलीत एक खातं होतं, "दुसरा" नावाचं. कधी काही बोलायचं नाही, नुसतं बसलेलं असायचं. त्या खात्याला खोलीचे सगळे हक्क होते. मी विचारलं होतं, हे कोण? तुम्ही म्हणालात, "आपलाच मानूस हाय."

मी कॉलेजातून थेट तुमच्या कारखान्याच्या फाटकापाशी आले. पाळी सुटली होती, माणसं सायकली काढत होती. त्या सगळ्यांच्या देखत मी विचारलं, "अण्णांची किनार कुणाला दिलीत?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "तुमाला तसं वाटतंय?"

"हो."

"बरं."

आणि गाडीला किक मारून गेलात. दुसऱ्या दिवशी खोलीत नेहमीसारखे आलात, कुणाची तरी अडचण सोडवलीत. माझ्याशी कामापुरतं बोललात, मीही तेवढंच. मला वाटलं, निर्लज्ज आहे. तुमची तब्येत उतरत होती ती मला दिसली. मी तिचाही वेगळाच अर्थ लावला, मन खातंय म्हणून.

जियारतीच्या, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या विधीच्या, दुसऱ्या दिवशी भाभींनी मला बोलावून एक पाकीट दिलं. वर तुमच्या अक्षरात "मॅडम". तेव्हाच कळलं की बुधवार-शनिवार तुम्ही डायलिसिसला जात होता. कारखान्यात समजलं तर काढून टाकतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतंत. पाकिटात एक कागद होता, त्यावर "दुसरा" या खात्याचा पासवर्ड आणि खाली एक ओळ: "तुम्ही ताबा नको म्हणाला होतात म्हणून आधी दिलं नाही."

खरं सांगते, तेव्हाही मला वाटलं, यात काहीतरी आहे. मेल्यावर मला गुंतवतायत. तरी मी पासवर्ड टाकला.

खात्यात तुमची एक खाजगी खोली होती, फक्त तुम्ही स्वतःच बसायचात अशी. तिथं सर्व्हरवाल्या बाईंशी झालेला पत्रव्यवहार होता. एखादा माणूस गेला तर खोली पुढच्याच्या हाती कशी द्यायची, हे तुम्ही त्यांना मोडक्या इंग्रजीत तीनतीनदा विचारलं होतंत. आणि एक चित्र होतं. माझं.

अण्णांनी किनार दिल्यावर काही दिवसांनी पुण्यातल्या एका कॉलेजात मी "चौकट"वर बोलायला गेले होते, त्या भाषणातलं एक पान. पडद्यावर नक्षी सुंदर दिसावी म्हणून मी अण्णांची किनार लावली होती. पानात नीट बसेना म्हणून उलटी फिरवली होती. आयोजकांनी ती सगळी पानं नंतर त्यांच्या वेबसाइटवर टाकली होती, कुणीही बघावीत अशी.

कळ्या खाली तोंड करून होत्या. अण्णांच्या त्या फोटोआधी आपल्या खोलीत अशी उलटी किनार कुणीच, कधीच टाकलेली नव्हती. मी पहिल्या निरोपापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचून काढलं.

ते पान तुम्ही ज्या दिवशी ठेवलंत तो दिवस मी फाटकापाशी आल्यानंतरचा तिसरा. म्हणजे पाच महिने तुम्हाला ठाऊक होतं. चित्राखाली एक शब्द नाही. खोलीत नाही, मला नाही, विनायकलाही नाही.

मी अण्णांकडं गेले. त्यांनी माग थांबवला नाही, तेव्हा मला ओरडूनच सांगावं लागलं. "अण्णा, किनार माझ्याकडून गेली. नजीरभाईंकडून नाही." मग त्यांनी माग बंद केला.

"नजीर आला होता की," ते म्हणाले. "म्हणला, माझ्याच हातून गेली, चुकून. माफ कर."

मी विचारलं, "तुम्ही मानलंत?"

"मी शिव्या दिल्या. हाकलून लावला." अण्णा टेबलाच्या कडेवर टेकले. "पण तो खोटं बोलताना कान खाजवतो. वीस वर्षं बघतोय की. त्या दिवशी लई खाजवत होता."

"मग परत का नाही बोललात त्यांच्याशी?"

"कुणासाठी खोटं बोलतोय ते तर सांगंल म्हणून थांबलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "थांबतच राहिलो."

तुम्ही ते का केलंत, नजीरभाई? मी घरी येईपर्यंत विचार करत होते, माझ्यासाठी केलंत. मग तुमचा स्वभाव आठवला आणि संशय आला. मॅडमनं फोडलं असं कळलं असतं तर सगळे विणकर "चौकट" सोडून गेले असते. शिकलेल्यांवरचा त्यांचा विश्वास मुळातच पातळ. तुमच्यावर आलं तर एक दोस्त तुटणार, काम चालू राहणार. तुम्ही माणूस आणि काम तराजूत टाकलंत आणि काम उचललंत. अण्णांना मात्र तुम्ही विचारलं नाहीत की त्यांना हे चालेल का. इथं मी तुमच्याशी भांडले असते. अजूनही भांडते आहे.

परवा मी खोलीत सगळं लिहिलं. पुण्याचं भाषण, उलटी किनार, फाटकापाशी बोललेलं, सगळं, नावासकट. दोन विणकर त्याच दिवशी निघून गेले. विनायकनं विचारलं, "मॅडम, हे लिहायलाच हवं होतं का?" टेंभुर्णीच्या मुलीनं काहीच लिहिलं नाही, पण ती थांबली आहे. अण्णा परत आलेले नाहीत. सर्व्हरवाल्या बाईंना मी तुमच्याबद्दल कळवलं. त्यांनी लिहिलं की तुमच्यासारखे प्रश्न त्यांना दुसऱ्या कुणी विचारले नव्हते, आणि खोलीचा दुसरा ताबा आता कुणाकडं देताय? मी अजून कळवलेलं नाही. तुम्ही असतात तर महिनाभर तरी चौकशी केली असतीत.

आज पुन्हा तुमच्या घरी गेले होते. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर पाळायचे दिवस, म्हणून आतल्या खोलीत बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. त्यांनी दाखवलं होतं ते चित्र."

मी म्हटलं, "भाभी, ते मला एक शब्द बोलले नाहीत. इतकं मोठं मन कसं असतं माणसाचं?"

भाभींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "मोठं मन? अहो मॅडम, घरात लई बोलले की. चार दिवस चालू होतं. म्हणले, सगळ्या कारखान्यासमोर मला चोर म्हणली ती बाई. एवढी शिकलेली, आणि स्वतःच्या पिशवीत बघत न्हाय. म्हणले, डायलिसिसच्या खुर्चीवर बसलो की तिचंच तोंड दिसतंय, रक्त आणखी खराब व्हतंय."

पंधरा दिवस माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. तुम्ही मला माफ केलंत असंच मी धरून चालले होते, आणि ती माफी मला गिळता येत नव्हती. आता मी भाभींच्या चटईवर बसून हमसून हमसून रडले. तुम्ही चिडला होतात. चार दिवस माझ्या नावानं बोलत होतात. म्हणजे मी तुमची कुणीतरी होते.

भाभींनी पाणी दिलं. माझं पिऊन होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग हळूच विचारलं, "आणखीबी बोलले होते. सांगू का?"

"सांगा," मी म्हटलं. "सगळं सांगा."